हात देईन, शब्द माझा

६ ऑक्टोबर १९७९, शनिवार
पोचलो एकदाचा बहारीनला! सलमाबादच्या वर्कशॉपमागे पत्र्याची खोली, खाट, पंखा, खिळ्याला आरसा. एकट्याला पुष्कळ झालं. फोरमन इशरतभाई कराचीचे, मोजकं बोलणारे, पण पहिला चहा त्यांनीच पाजला. मशीन पाहून तर मी हरखलोच. जर्मन मिलिंग मशीन, फिरत्या कटरने लोखंड तासणारं; एका बोटाने टेबल सरकतं. भोसरीत ज्या खटाऱ्यावर दहा वर्षं काढली, त्याचं नावही काढू नये. हेमाला लिहिलं, काळजी करू नकोस, तुझ्या नवऱ्याच्या हाताला यश आहे. नुसतं बोट फिरवून पृष्ठभागातली चूक सांगतो मी. उजव्या अंगठ्यावर जुना व्रण आहे, तेवढीच काय ती माझी चूक. जानेवारीत बाळ येईल. सुट्टी मिळाली की आधी त्याला या हातांत घेणार.

९ ऑक्टोबर
मराठी बोलणारं कोणी नाही. वेल्डर मंडळी आपसात तमिळ बोलतात, इशरतभाई "यल्ला", म्हणजे चला, एवढंच म्हणतात, संपलं. संध्याकाळी आरशाशी बोललो. तोही कंटाळला असावा.
आज सकाळी मात्र गंमत झाली. मशीनच्या टेबलावर खडूने मराठीत लिहिलेलं: "नवीन का? जपून." अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी आनंदाने ओरडलोच. रात्रपाळीला कोण असतो, असं इशरतभाईंना विचारलं. त्यांनी फडक्याने अक्षर पुसलं आणि एवढंच म्हणाले, अँब्रोज, खलास. इथे काम संपलं की खलास म्हणतात. म्हणजे पाळी संपवून गडी झोपायला गेला.

१४ ऑक्टोबर
जाताना मी लिहितो, सकाळी त्याचं उत्तर. वसईचा आहे. घरी अ‍ॅलिस आणि दोन मुली. खडूचं टोक रोज ओलं असतं, वर दातांच्या खुणा. चघळायची खोड असावी. असो, सोबत झाली.

२० ऑक्टोबर
घरी आज लक्ष्मीपूजन. मी मशीनला कुंकू लावलं, दोन खजूर ठेवले आणि रडलो. लपवून काय करू? फार एकटं वाटतं.
त्याने लिहिलं होतं: "मीही एकटाच. हात देशील?"
अडलेल्या माणसाला आपण नाही कसं म्हणणार! मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हात देईन. शब्द माझा."

२१ ऑक्टोबर
उत्तर एकच शब्द. "कधी?"

२३ ऑक्टोबर
टेबलभर "कधी कधी कधी". मशीन अजून चालू केलं नव्हतं, तरी कटर गरम.
इशरतभाईंना धरून विचारलं. रात्रपाळी नाहीच. कधी नव्हतीच. अँब्रोज माझ्या आधी याच मशीनवर होता. मार्चमध्ये त्याचा हातमोजा कटरमध्ये अडकला. आठ दिवस जगला.
खलास म्हणजे आपल्याकडचंच खलास. आणि मी त्याला शब्द देऊन बसलोय.

२४ ऑक्टोबर
लिहिलं, शब्द मागे घेतो. दुसरं काम मागितलं. मिलिंग मशीन हे एकच, इशरतभाई म्हणाले, इंशाल्ला काही होत नाही. हातमोजा घालायचा नाही. स्विच बंद केल्याशिवाय जवळ जायचं नाही. देवा, बाळाला घ्यायचंय मला.

२७ ऑक्टोबर
स्विच बंद होता. मेन स्विचसुद्धा. इशरतभाईंनी स्वतः पाहिलं. तरी कटर हळूहळू फिरतोय— इशरतभाई मला बघायला बोलावतात— उद्या जाणार नाही—

३ नोव्हेंबर
सलमानियाचं हॉस्पिटल. डाव्या हाताने लिहितोय. बंद मशीननेच ओढला, उजवा मनगटापासून—
नर्स फ्लॉरेन्स वसईची. मराठी ऐकून रडलो. अँब्रोज याच वॉर्डात होता म्हणाली. अडकलेला हात सोडवायला त्याने दुसरा घातला, दोन्ही गेले. तरी अ‍ॅलिसला पत्र लिहायचा, पेन्सिल दातांत धरून.
खडूवरचे ते दात—

४ नोव्हेंबर
सकाळी खाटेच्या पट्टीवर खडूचं लिखाण. कोंबडीचे पाय नाहीत. वळणदार, सुरेख. माझं अक्षर. माझ्या उजव्या हाताचं.
"उपकार झाले. अ‍ॅलिसला नीट पत्र लिहिलं. पण मुलींना उचलायला एक हात पुरत नाही रे."
मी नाही देणार— बाळाला मी कशाने—
फ्लॉरेन्सला हाका मारतोय— पांघरुणातून काहीतरी— डाव्या मनगटावर पाच बोटं— अंगठ्यावर व्रण— माझीच बो