चार नंबर विकायचं आहे

१ ऑक्टोबर १९९८, दसरा

आले बाई एकदाची! पंचवटीतली ती एक खोली, तो सामाईक नळ आणि नळावरची भांडणं, सगळ्यांना रामराम. आता आमचं बिऱ्हाड सिन्नर रस्त्यापासून आत, झेंडूच्या मळ्याला लागून, रो-हाऊस नंबर चारमध्ये. आमचं म्हणजे शेठचं. हे, म्हणजे आमचे महेशराव, शेठच्या साइटवर घरं विकतात. सध्या विकतात कसली, नुसती दाखवतात. बाजार थंड पडलाय. अख्ख्या ओळीला कुलपं, आणि कुलपं बघून गिऱ्हाईक बिचकतं. म्हणून शेठनं डोकं चालवलं की एका घरात माणसं ठेवायची. दोरीवर कपडे, दारात तुळस, तिन्हीसांजेला खिडकीत दिवा. हे विकलं गेलं की आम्ही उचलायचं आणि पुढच्या घरात जायचं.

माझा ओटा! मी त्यावर हात फिरवत बसले तर हे हसले. हसले की ह्यांच्या डाव्या कानाखालचा तीळ वर सरकतो. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला त्याची गंमत वाटते.

नव्या घरात दूध उतू घालतात, तसं मीही घातलं. हे नको नको म्हणत होते. ते मालकीणबाईनं करायचं असतं, आपण राखणदार, असं त्यांचं म्हणणं. मी कसली ऐकते! दूध फसफसून ओट्यावरून पार खाली फरशीवर आलं. मग दिवा लावला आणि मोठ्यांदा म्हणाले, आता मला इथून कुणी हलवून दाखवा! हे म्हणाले, शुभ बोल नाऱ्या, तिन्हीसांजेला वास्तू तथास्तु म्हणत असते. तेवढ्यात भिंतीतून ‘हं’ असा आवाज आला. पाण्याची मोटर असणार.

४ ऑक्टोबर

पहिलं गिऱ्हाईक. नवरा सिन्नरच्या कारखान्यात, बायको नुसती फणकारा. ओटा बारका, मोरी अंधारी, म्हणे इथं चांगल्या घरची माणसं राहतील का. माझे डबेसुद्धा उघडून पाहिले भवानीनं! मी खिडकीत दिवा लावत होते. तोंडातल्या तोंडात म्हटलं, पड मेले पायरीवरून.

पडली. कोरड्या ठणठणीत पायरीवरून. पायाचं हाड मोडल्याचा आवाज आत माझ्यापर्यंत आला. त्याआधी पुन्हा ते ‘हं’ झालं होतं. खोटं कशाला लिहू, आधी मला हसूच फुटलं.

माझी जीभ काळी आहे, असं आई म्हणायची. काहीतरीच.

८ ऑक्टोबर

आज शिक्षक जोडपं आलं. साधी, गोड माणसं. त्यांना घर फार आवडलं. ती बाई ओट्यावर हात फिरवत होती, अगदी माझ्यासारखा. रविवारी विसार द्यायला येतो म्हणाले. हे खूश. मी मात्र नाही. माझ्या ओट्यावर ती पोळ्या लाटणार!

संध्याकाळी दिवा लावला आणि मला रडूच कोसळलं. मी म्हणाले, कुणालाच नको होऊ दे हे घर. कुणालाच.

‘हं.’ मोटर बंद होती. मी जाऊन बघून आले.

११ ऑक्टोबर

ते जोडपं आलं, पण फाटकापर्यंतच. तिथंच दोघांनी नाकाला पदर-रुमाल लावले. काहीतरी कुजलंय म्हणाले. मागोमाग दुसरं एक कुटुंब आलं, त्यांचंही तेच. त्यांचं लेकरू तर घराकडे बघून किंचाळायलाच लागलं. ह्यांनी माळा, मोरी, गटार सगळं धुंडाळलं. मला कसलाच वास येत नाही. फक्त दुधाचा येतो, ताज्या, उतू जाणाऱ्या दुधाचा.

शेठ बोलून गेले की दिवाळीपर्यंत हे घर गेलं नाही, तर महेशनं दुसरी नोकरी बघावी.

मळ्यातली सिंधुबाई झेंडू द्यायला येते. तीही आज फाटकाबाहेरच उभी राहिली. दूध कुणी उतू घातलं, विचारलं. मी म्हटलं, मी. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, लय वाईट केलंस बाई. इतकी वरसं ते घर रिकामं, त्याला कुणाचं नाव नाय. ज्येच्या हातचं दूध उतू गेलं, त्येचंच आता ते ऐकणार. जपून बोल. नायतर बोलूच नको.

१३ ऑक्टोबर

ह्यांना सगळं सांगितलं. खुळी झालीस म्हणाले. मग म्हणाले, चल, आत्ताच्या आत्ता सिन्नरला दादाकडे. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, मलाच कळत नाही. भांडण पेटलं. ते म्हणाले, तुला नवरा नको, ओटा हवाय. माझं डोकं फिरलं. जा म्हटलं, जा, आणि पुन्हा तोंड दाखवू नका मला!

ते गेले. लुनाचा आवाज लांब गेला. मग पाहिलं, तर खिडकीत दिवा लावलेला होता. मी लावला नव्हता.

‘हं’ ह्या वेळी फार जवळून आलं. पोट भरल्यावर माणूस हुंकार देतो तसं.

१४ ऑक्टोबर

हे परत आले! दुपारी. आत येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. राग असेल म्हणून मी जवळ गेले, चुकलं म्हटलं, समोर जाऊन उभी राहिले —

समोरूनही पाठच.

बाजूला गेले. पाठ. पलीकडे. पाठ. सगळीकडून केस आणि कॉलर. मानेला हात लावला, गरम आहे. ताट दिलं. चावल्याचा आवाज आला. कुठून, ते बघवलं नाही.

माझा महेश. मी काय करून बसले!

१५ ऑक्टोबर

ह्यांचा हात धरून दार उघडलं. उंबऱ्यापलीकडे माझाच ओटा. मागचं दार. ओटा. पुन्हा पुढचं. ओटा, आणि त्यावरून दूध —

मला इथून कुणी हलवून दाखवा. माझेच शब्द.

खिडकीतून सिंधुबाई दिसली. हाका मारल्या. ती घराकडे बघत होती आणि तिला मी दिसत नव्हते. फाटकाला हार अडकवून, हात जोडून गेली. मेलेल्या माणसाला जोडतात तसे.

१६ ऑक्टोबर

तोंडाला फडकं बांधलंय. बोलायचं नाही. लिहिलेलं ह्या घराला ऐकू येत नसावं.

कुणीतरी आलं होतं. फाटकावरून परत. आता हे घर कोण घेणार —

हे कोपऱ्यात. खांदे हलतात. रडतायत. किंवा —

१७ ऑक्टोबर

नाही राहवत. हा माणूस माझा आहे. घर गेलं चुलीत.

दिवे लागले. फडकं सोडलं. भिंतीवर डोकं टेकून म्हटलं, माझं सगळं वाईट ऐकलंस, आता एक चांगलं ऐक. मला ह्यांचं तोंड दाखव. बास.

‘हं.’

हे वळतायत. देवा, वळतायत — सावकाश — डावा कान दिसला. कानाखाली तीळ. हेच. माझे हेच! तीळ वर सरकला, हसतायत —

आता गाल. गाल. आता डोळा यायला हवा —

गालच. अजून वळतायत. अजून गालच. हसण्याचा आवाज मोठा होतोय आणि अजूनही नुसता —