बसलेल्यांची मोजणी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार शेवटी करीन, आधी थोडं भांडायचं आहे. वेळ कमी आहे. आत्ता सव्वादहा झालेत, साडेअकराला मीटिंग आहे, आणि मी ऑफिसच्या मागच्या जिन्यात बसून पाठकोऱ्या कागदावर हे लिहितेय. आत कॉम्प्युटर आहे, पण त्यावर लिहायला घेतलं की त्याचा अहवालच होतो. तुम्हाला जाऊन नऊ महिने झाले. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय, कारण जे विचारायचंय ते फक्त तुम्हाला विचारता आलं असतं. आणि तुम्ही न विचारता सांगितलंत तेव्हा मी ऐकलं नाही.

साडेअकराला मिसरोद–शिवाजी नगर रूट बंद करायचा ठराव आहे. तुमचा रूट. ज्यावर तुम्ही खांद्याला कंडक्टरची बॅग अडकवून एकवीस वर्षं उभे होतात. ठराव कोणी लिहिला? मी. शहराच्या बससेवेचं नियोजन करणाऱ्या ऑफिसात जिला नोकरी लागली म्हणून तुम्ही अख्ख्या डेपोत पेढे वाटलेत, त्या तुमच्या लेकीनं.

खोटं कशाला बोलू, मला तुमच्या त्या जुन्या बसचा काही उमाळा नाही. पावसात छत गळायचं, तुमच्या शर्टाला डिझेलचा वास यायचा, आणि संध्याकाळी तुमच्या पोटऱ्यांना तेल चोळताना आई रोज त्या बसला शिव्या द्यायची. म्हणूनच मी तीन वर्षं या नव्या इलेक्ट्रिक बसमागे लागले. चढायला बुटकी पायरी, थंड हवा, खडखडाट नाही. त्यातल्या निम्म्या बस मेट्रोच्या स्टेशनांना जोडणाऱ्या रूटवर जाणार. त्यासाठी कुठले तरी जुने रूट सोडावे लागतात. ज्यांवर उतारू नाहीत, ते. आपल्या रूटवर उतारू नाहीत असं माझ्या मोजणीत आलं.

कालपर्यंत माझा त्यावर विश्वास होता.

काल सकाळी स्कूटी पंक्चर झाली म्हणून मी बसनं निघाले. किती वर्षांनी, ते विचारू नका. बाग सेवनियाच्या स्टॉपवर शिवाजी नगरच्या बाजूला उभी राहिले तर माझ्या बाजूला दोन माणसं. आणि रस्त्याच्या पलीकडे, मिसरोदला जाणाऱ्या बाजूला, बायकांची ही गर्दी. मला वाटलं, एवढ्या सकाळी मिसरोदला काय आहे? तेवढ्यात त्यांतली एक बाई मलाच हाका मारायला लागली.

"मैडम, उधर काहे को खड़ी हो? उधर से चढ़ोगी तो शिवाजी नगर तक लटकना पड़ेगा."

रस्ता ओलांडून गेले. तिचं नाव गेंदाबाई. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमधे दोन घरी स्वयंपाक करते. तिनं मला शेजारी बसवून घेतलं आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. जाणाऱ्या बसमधे बसायचं, मिसरोदपर्यंत जायचं, तिथे बस वळते तेव्हा उतरायचं नाही, आणि त्याच सीटवर बसून शिवाजी नगर गाठायचं. "घुटने देख रही हो मेरे? खड़े-खड़े जाऊँगी तो रोटी कौन बेलेगा?"

मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाली, "बहुत पुराना है. एक मराठी कंडक्टर बाबूजी थे, उन्होंने छूट दी थी. तब से कोई नहीं उठाता."

बाबा, ते बाबूजी तुम्हीच.

मिसरोदला बस वळायची तेव्हा सगळ्यांना खाली उतरवून पुन्हा रांगेत उभं करायचं असा तेव्हा नियम होता. इतर कंडक्टर दारावर थापा मारून "चलो, सब उतरो" म्हणून ओरडायचे. बायका उतरायच्या आणि त्याच दारात पुन्हा रेटारेटी करायच्या. तुम्ही कधी उतरवलं नाहीत. मेमो आला तेव्हा आई म्हणाली, "कशाला ही नसती उठाठेव? नियम आहे तर उतरवा." तुम्ही मेमोची घडी घालून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "बसलेल्या माणसाला उठवायचं तर त्याला कारण सांगता आलं पाहिजे. मला काही सुचत नाही." मी तेव्हा सहावीत होते. मला ते अगदी साधं वाटलं होतं, कारण त्या बसलेल्यांत मीही होते. ड्रायव्हरच्या मागची सीट, मांडीवर दप्तर. मी रोज तशीच मिसरोदला वळसा घालून शिवाजी नगरच्या शाळेत गेले. रोज, बाबा! आणि मोजणी करताना मला ते आठवलंसुद्धा नाही.

मी काय केलं, ते सांगते. गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलींना टॅबलेट देऊन बसमधे बसवलं. कोण, साधारण किती वयाचं, कुठे चढलं, कुठे उतरलं, एवढंच टिपायचं. मिसरोदला फेरी संपली की तो तक्ता बंद आणि परतीच्या फेरीला नवा तक्ता सुरू. म्हणजे गेंदाबाई एका तक्त्यात बाग सेवनियाला चढली आणि उतरलीच नाही. दुसऱ्या तक्त्यात ती शिवाजी नगरला उतरली, पण चढलीच नव्हती. अशा अर्धवट ओळी सॉफ्टवेअरनं लाल करून दाखवल्या आणि विचारलं, या चुकीच्या नोंदी ठेवायच्या की काढायच्या? मी दुपारचा डबा खाता खाता "काढा" वर बोट ठेवलं. पानंच्या पानं माणसं गेली. राहिले ते माझ्यासारखे, सरळ बाजूला उभे राहणारे शहाणे दोघे-तिघे. मग काय, बस रिकामी!

त्या मुलींना मी एकदाही विचारलं नाही, की अगं, बस भरलेली असायची का?

आणि तुम्ही? तुम्हाला ठाऊक होतं. मोजणीच्या आठवड्यात तुम्ही तीन दिवस सकाळी उठून त्या बसमधे जाऊन बसलात. आई म्हणाली, जाऊ दे, घरात बसून कंटाळतात. तिसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, "सुमे, तुझ्या मुली चढणाऱ्याला मोजतात. बसलेल्याला मोजत नाहीत."

मी काय म्हणाले, आठवतंय ना? "बाबा, आता सॉफ्टवेअर आहे. तुमचा तिकिटं फाडायचा जमाना गेला." आणि फोनकडे बघत जेवत राहिले. तुम्ही भातावर आणखी थोडं वरण घेतलंत आणि गप्प बसलात. बाबा, का गप्प बसलात? मेमो देणाऱ्या साहेबाला जो बधला नाही, तो माणूस पोटच्या पोरीसमोर का गप्प बसतो? एकदा ताट सरकवून ओरडायचं होतंत माझ्यावर. मला राग आला असता, दोन दिवस बोलले नसते, पण ऐकलं असतं. पुढच्याच महिन्यात तुम्ही गेलात, आणि तुमचं ते बोलणं मी म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं, हे मला काल बसमधे कळलं.

गेंदाबाईला मी सांगितलं, रिकामा चालतो म्हणून हा रूट बंद होतोय. ती हसली आधी. मग म्हणाली, "खाली चलती है बोलके? कौन बोला?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "ऑटो से जाओगी?" असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "ऑटो में जाऊँ तो पकाने किसके लिए जाऊँ? दो घर छूट जाएँगे, और क्या." तिचा आवाज चढला नाही. उतरताना उलट मलाच म्हणाली, कल से इसी तरफ आना.

आता पावणेअकरा. मघाशी माझ्या साहेबांना फोन केला. मी म्हणाले, मोजणी चुकली आहे, ठराव आज आणू नका. तर ते म्हणाले, "मैडम, रिपोर्ट आपकी, दस्तखत आपके. अब आप ही कहेंगी कि ग़लत है? नई बसें अटक गईं तो जवाब कौन देगा?"

ते वाईट माणूस नाहीत. त्यांचंही खरं आहे. नव्या बसचा आराखडा या ठरावाबरोबर आज मंजूर झाला नाही तर बस कधी येतील कोण सांगणार? सगळ्या शहराची बस माझ्या एका बोटामुळे लांबणार. आणि माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, हेही लिहून टाकते, तुमच्यापासून काय लपवायचं. कंत्राटावरच्या बाईनं भर मीटिंगमधे आपली चूक कबूल केल्यावर तिला कोण ठेवून घेणार? काल सकाळपासून तीनदा मनात आलं, गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? त्या बायकांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून आज सकाळी लवकर येऊन मी त्या काढलेल्या ओळी परत उघडल्या. म्हटलं, निदान बघू तरी. त्यांचा कागद आत्ता माझ्या मांडीवर आहे. चढले बाग सेवनिया, उतरले कोरं. चढले बाग सेवनिया, उतरले कोरं. खाली खाली तेच. शेवटच्या रकान्यात त्या मुली कधीकधी शेरा लिहायच्या. "सामान ज़्यादा." "गोद में बच्चा." आणि एका पानाच्या मधोमध ही ओळ: पुरुष, वय सत्तरच्या पुढे, चढले बाग सेवनिया, उतरले कोरं. शेरा: "बाबूजी बोले, मुझे मत गिनो, मैं तो गिनती देखने बैठा हूँ."

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तशीच ओळ आहे. शेरा नाही, पण मला कळतं.

बाबा, मी तुम्हालाही काढून टाकलं होतं.

आतून शिपाई दोनदा डोकावून गेला. सव्वाअकरा झाले. गेंदाबाईला उठवायचं कारण मी काल दिवसभर शोधलं. मलाही काही सुचलं नाही.

तर ऐका. मी आत जाऊन उभी राहून सांगणार आहे की रूट रिकामा नाही, मोजणी चुकली, आणि चूक मुलींची नाही, सॉफ्टवेअरची नाही, माझी आहे. एक आठवडा मागणार. उद्यापासून रोज सकाळी बाग सेवनियाला पलीकडच्या बाजूला उभी राहीन, मिसरोदला वळसा घालीन आणि बसलेलं एकेक माणूस स्वतः मोजीन. आठवडा मिळाला नाही तरी मोजीन. नोकरी राहिली नाही तरी. काढलेली प्रत्येक ओळ परत जागेवर घालीन. तुमच्याही तीन.

मोजू नका म्हणालात, ते मी ऐकणार नाही. पण तुमचा उतरल्याचा रकाना तेवढा कोराच ठेवीन.

राहिलेला नमस्कार करते. आत बोलावतायत.

तुमची,
सुमी