कोनाड्यातला डबा

प्रिय आत्या,

तू असताना तुला एकही पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्यांनी पत्रं कशाला लिहायची? आणि लिहिलं असतं तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं! पण काल संध्याकाळी शर्यतीचा कापडी नंबर हातात पडला आणि तो कुणाला दाखवावा ते कळेना. सवयीनं तुझ्या कोपऱ्याकडे वळले. तिथं तुझी घडी घातलेली चादर होती फक्त. म्हणून हे पत्र.

रविवारी मॅरेथॉन आहे गं. मंद्रूपच्या अलीकडून वळायचं आणि परत सोलापूर. बायकांचा वेगळा गट नाही. नावं घेणारे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, हे तुम्हाला झेपायचं नाही." मी म्हटलं, "नाही झेपलं तर चालत येईन." तू तिथं असतीस तर म्हणाली असतीस, "चालत कशाला? रांगत ये, पर ये!"

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा अण्णांनी भवानी पेठेत घरोघर पेढे वाटले. आपल्या घरातली पहिली पदवी! आणि त्याच संध्याकाळी मागावर बसल्या बसल्या म्हणाले, "कॉलेजचं पळणं कॉलेजात राहिलं. आता रस्त्यानं पळशील तर लोक काय म्हणतील?" मी रात्रभर धुमसले. सकाळी तुझ्यापुढे केवढं व्याख्यान दिलं! मुलीला काहीही कारण नसताना रस्त्यानं धावता आलं पाहिजे, तेच खरं स्वातंत्र्य, वगैरे. तू शेंगा फोडत ऐकत होतीस. शेवटी म्हणालीस, "कारण नसताना कशाला? कारण मी देते की तुला."

दुसऱ्या दिवशी तू सूतगिरणीत पहिल्या पाळीला गेलीस आणि डबा कोनाड्यातच राहिला. अण्णाच ओरडले, "नंदा, अक्का डबा विसरली बघ! जा, पळत जा!"

अण्णांनीच सांगितलं पळ म्हणून! मला हसू आवरेना.

मग तू रोजच विसरायला लागलीस. मी पेठेतून निघायची, गिरणीकडे न वळता गावाबाहेर मंद्रूपच्या रस्त्याला लागायची आणि लांबचा फेरा मारून सुट्टीच्या भोंग्याआधी गेटावर पोचायची. हातात डबा, पायात कॅनव्हासचे बूट, साडीचा ओचा वर खोचलेला. पहिल्यांदा एका गाडीवानानं बैल थांबवले. "काय झालं गं पोरी? कोण आजारी हाय का?" मी डबा दाखवला. "आत्या उपाशी आहे!" तो म्हणाला, "मग बोलत काय उभी ऱ्हायलीस? पळ की!" पुढे पुढे तर लोकच लांबून बाजूला व्हायचे. उपाशी माणसाच्या वाटेत कोण उभं राहील?

गेटावर तू तुझ्या खात्यातल्या गंगूबाईसोबत उभी असायचीस, केसांना सुताचा भुगा लागलेला. भाकरी मोडताना हळूच विचारायचीस, "आज कुठवर गेलीस?" मी सांगायची, आज ओढ्यापर्यंत, आज ओढ्याच्या पलीकडच्या चिंचेपर्यंत. तू चटणीचा घास घ्यायचीस आणि मान हलवायचीस, जणू चिंचेपर्यंत तूच जाऊन आलीस.

एक दिवस माझ्या पोटरीत गोळा आला. लंगडत पोचेपर्यंत सुट्टी संपली होती, तू आत गेली होतीस. संध्याकाळी मी रडले तर तू पाय मांडीवर घेऊन तेल चोळलंस. "भूक न्हवतीच मला." खोटारडी! गंगूबाईनं मला नंतर सांगितलं. ती आपली भाकरी पुढे करत होती आणि तू म्हणत होतीस, "नको, माझी पोर येतीया." का गं असं केलंस? दोन घास खाल्ले असतेस तर काय बिघडलं असतं? त्या दिवसानंतर मी एकदाही मध्ये थांबले नाही. तुला तेच हवं होतं का?

आणि मग दोन दिवसांच्या तापात तू गेलीस. निरोप नाही, काही नाही.

तुझी माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या खात्यातल्या बायका घरी आल्या. गंगूबाई डोळे पुसत अण्णांना म्हणाली, "गौराक्का मनानं लई मोठी. पर बाई, विसराळू! डब्याशिवाय कामाला येणारी अख्ख्या गिरणीत ती एकलीच." बाकीच्यांनी माना हलवल्या. अण्णा म्हणाले, "मी तरी किती बोललो तिला. अक्का, डोकं घरी ठिवून जा पर डबा घिऊन जा, म्हणायचो."

मला ते सहन होईना. आई गेल्यावर माझं सगळं करणारी तू. माझी परीक्षेची फी, माझ्या बुटांचं माप, पेठेतल्या प्रत्येक लेकराचं नाव तुझ्या ध्यानात असायचं. आणि तू विसराळू? मी बोलून गेले, "ती काही विसरत नव्हती! मी धावावं म्हणून मुद्दाम ठेवून जायची!"

मग गंगूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं बया! आमाला समद्यांना येड्यात काढलं की हिनं!" हसता हसता ती रडायला लागली. अण्णा उठले आणि मागावर जाऊन बसले. बराच वेळ मागाचा आवाज आला नाही.

खरं सांगू? त्यानंतर माझे पायच उचलेनात. बूट घालायची, पेठेच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. पुढे कुणी उपाशी नव्हतं. एवढं मोठं व्याख्यान देणारी मी! मला कारणाशिवाय धावायचं होतं ना? आता कारण नव्हतं, तर धावता येत नव्हतं.

गेल्या सोमवारी रिकाम्या हातानं निघाले. हातांचं काय करावं तेच समजेना. ओढ्यापाशी तोच गाडीवान भेटला. "डबा कुठाय गं? आत्या जेवली व्हय?" मी म्हटलं, "जेवली." आणि धावत राहिले. चिंच मागे पडली, तरी धावत राहिले.

अण्णांना शर्यतीचं सांगितलंय. "मला विचारू नको," एवढंच म्हणाले. पण आज सकाळी माग न थांबवता म्हणाले, "ते पळणारे गिरणीच्या गेटावरनं किती वाजता जातात म्हणं?" ते पळणारे! मी म्हटलं, "ऊन चढल्यावर." ते "बरं" म्हणाले.

आत्या, तुला शब्द देते. मी मध्ये थांबणार नाही. लंगडत, रांगत, कशीही येईन. आणि पहाटे उठून भाकरी करीन, शेंगाचटणी घालून तुझा डबा भरीन, अण्णांना दिसेल असा कोनाड्यात ठेवीन, आणि विसरून जाईन.

तुझी,
नंदा