घागरवालीची खळी

प्रिय चिखल्या,

घागरवाली सापडली. हे वाक्य सूनबाईंना दोनदा वाचायला सांग, कारण पुढचं तुला आवडणार नाही.

उड्डाणपूल आला, चौकातलं कारंजं गेलं आणि त्याबरोबर तू घडवलेला तो पुतळाही गेला, असंच आपण धरून चाललो होतो. परवा रस्ता खणलेला म्हणून बस भलतीकडून वळली. पंपघराच्या कुंपणाआड ओळखीची मान दिसली आणि मी पुढच्या थांब्यावर उतरून धापा टाकत मागे आलो. खांद्यावर घागर, घागरीत कुणीतरी कोंबलेल्या बाटल्या, कोपरावर वाळत घातलेलं फडकं. तरी मान तीच! तुझ्यासमोर मान तशी धरून उभी राहताना तुझी बहीण किती करवादायची, आठवतं? "दादा, घागर तरी रिकामी दे रे, पुतळ्याला काय कळतंय!" नवी नवरी होती माझी. तिचा वेळ जावा म्हणून मी शाळेत पाठ केलेल्या झऱ्याच्या कविता म्हणायचो, ती हसायची, गालाला खळी पडायची आणि तू माझ्यावर खेकसायचास. शेवटी वैतागून तू ओल्या मातीच्या गालात अंगठा रुतवलास. तीच खळी साच्यात उतरली.

पंपघराचा रखवालदार भला माणूस. मी पुतळा न्याहाळतोय हे पाहून खुलला. "आजोबा, दरसाल तेलरंगाचा एक हात मारतो आम्ही. कुणी विचारत नाही म्हणून काय झालं? बाईमाणूस आहे, नीट नको दिसायला?" चंदेरी, त्याखाली पांढरा, त्याखाली पिवळा. नाक विरघळलंय, ओठ मिटून गेलेत. मायेनंच पुसली रे त्यानं. खरवडून काढू, म्हणशील. नखानं करून पाहिलं, तर रंगाबरोबर सिमेंटचा पापुद्राच सुटून हातात आला.

सूनबाई फोनवर सांगत होत्या, एकदा शोधून तरी बघू म्हणून तू तिकीट काढलंस, बॅगही भरलीस. डोळे गेले तरी बोटं आहेत, पुतळा सापडला तर एकदा तिच्या गालावरून हात फिरवीन म्हणतोस. म्हणून मीही डोळे गच्च मिटले आणि तुझ्यासारखा तिच्या चेहऱ्यावर हात फिरवून पाहिला. अंड्यासारखं गुळगुळीत. कुणीच नाही तिथं. तुझी बहीण गेली त्या दिवशी मनाला उगीच वाटलं होतं, शहरात कुठंतरी अजून उभी असेल. येऊ नकोस. तो अंगठा मात्र जप. खळी आता तेवढ्यातच उरली आहे.

तुझाच,
शाळेच्या बाकावरचा शेजारी