भिंत डाव्या हाताला

सौंसर,
४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
दामिनीचे शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून हे पत्र. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, किराण्याच्या पुडीचासुद्धा तुम्ही वाचता. रजनीआत्या बरी आहे. शाळेत मला खेळाचे तास दिले आहेत आणि मुली ऐकतात.

आता मुद्द्याचं. ७ डिसेंबरला मी ट्रायथलॉनला उतरते आहे. तलावात दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन लगेच चाळीस किलोमीटर सायकल, त्यावर दहा किलोमीटर धावायचं, मध्ये विश्रांती नाही. तुम्ही म्हणता, नागपूरच्या तरणतलावावर परत जा. खांदा बरा झाला, पण बटरफ्लाय पोहायला तो पुरणार नाही, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. राज्याचं कांस्यपदक मिळालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आज सव्वीसची आहे. त्या एका पदकावर मला म्हातारं व्हायचं नाही.

पोहायला तुम्ही शिकवलं, म्हणून आशीर्वाद तुमचाच हवा. नाही मिळाला तरी मी जाणार, हे लपवत नाही.

लोभ आटू देऊ नये.
आपली,
दामिनी

पांढुर्णा,
१० नोव्हेंबर २०२५

चि. दामिनीस,
देवीदासचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा राग आला. संत्र्याची तोडणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, त्यात तुझं हे. एका खेळात राज्यापर्यंत गेलीस, तो सोडून आता तीन धरलेस. एक ना धड, भाराभर चिंध्या. परवा मंडीतल्या त्या मनोहरनं चारचौघांत विचारलं की तुही पोरगी चड्डीवर लोधीखेड्याच्या रस्त्यानं सायकल काऊन पळवून राहिली, घरी गाडी नाही का. मी पावती घेऊन तिथून निघालो. तुझ्या पदकामुळे सात वर्षं त्या मंडीत लोक मला आधी नमस्कार करत होते, तुला त्याचं काही वाटत नाही.

तुझी आई म्हणते, जाऊन राहिली तर जाऊ द्या, पोरगी आहे, म्हैस नाही दावणीला बांधून ठेवायले. ती पहिल्यापासून तुझ्याच बाजूची. माझा आशीर्वाद पोहणाऱ्या दामिनीला आहे. पोहण्याकडे परत वळशील त्या दिवशी फोनवर बोलेन.

सोबत संत्री पाठवली आहेत. त्यांच्यावर राग काढू नकोस, आत्यालाही दे.

जिवाला जपावे, हे सांगणे.
तुझे बाबा

सौंसर,
९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शर्यत झाली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. एक्केचाळीस बायका होत्या आणि पाण्यातून मी अडतिसावी बाहेर आले. हो, पाण्यातून. जिथे मी सगळ्यांच्या पुढे असेन असं मला वाटत होतं, तिथेच.

दम कमी पडला नाही, खांदाही दुखला नाही. तरणतलावाच्या तळाला काळी पट्टी असते, अकरा वर्षं मी तिच्यावर नजर ठेवून पोहले. तलावात नुसतं गढूळ पाणी. मी सरळ जाते आहे असं समजत होते आणि सारखी उजवीकडे वळत होते. तीनदा होडीवाल्यानं आडवी होडी घालून मला परत वळवलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं की ताई, पोहता येते ना तुम्हाले. मला रडू आलं, पण चष्म्याच्या आत कोणाला दिसतं.

काठावर येईपर्यंत कारण कळलं होतं. आपल्या शेतातल्या विहिरीत तुम्ही मला गोल गोल पोहवायचात आणि सांगायचात, भिंत डाव्या हाताला ठेव, दमलीस की धरता येते, आणि उलटं फिरायचं नाही, देवाला आपण उलटी प्रदक्षिणा घालत नाही. बारा वर्षांची होईपर्यंत मी तशीच, सारखी उजवीकडे वळत फिरले. पट्टी गेली आणि हातापायांना ती विहीर आठवली.

पुढचंही ऐका. सायकलवर आणि धावताना मी एकोणीस जणींना मागे टाकलं आणि एकोणिसावी आले. पदक नाही. मंडीत सांगण्यासारखं काही नाही. मी मार्चमध्ये पुन्हा उतरणार आहे, नाव नोंदवून झालं. तुमचा राग मला सोसतो, पण तुम्ही बोलत नाही ते सोसत नाही. तरीही उतरणार.

आईला नमस्कार. रागावलात तरी आठवण ठेवावी.
आपली,
दामिनी

पांढुर्णा,
१४ डिसेंबर २०२५

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लिहायला बसलो होतो. मग विहिरीवर जाऊन आलो. अंगण मीच वाकडं बांधलं, पोरी. माझ्या बापानं मला तसंच फिरवलं होतं. मी विहिरीबाहेर कधी पोहलो नाही, म्हणून मला कधी कळलं नाही. त्या होडीवाल्याचं वाचून मला फार लागलं. त्यानं खरं तर मला विचारायला हवं होतं.

येत्या रविवारी गावामागच्या तलावावर ये. मी पलीकडच्या पाळीवर, बांधावर, लाल दुपट्टा घेऊन उभा राहतो. दर दहा हात मारले की मान वर काढून मला बघायचं आणि माझ्याकडे सरळ यायचं. माझी चूक आहे, मीच ती काढणार.

मात्र एक अट. सरळ पोहता आलं की नुसत्या पोहण्याच्या शर्यती कर, तलावातल्याही असतात म्हणे. सायकल सोड. मग मनोहरला काय सांगायचं ते मी बघतो.

आई चिवडा करून ठेवते आहे. येण्याचे करावे.
तुझे बाबा

सौंसर,
१७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्याला वाचून दाखवलं. तुम्ही स्वतःची चूक कबूल केल्याचं तिला पन्नास वर्षांत आठवत नाही. मला खूप बरं वाटलं, हे मोकळेपणानं लिहिते.

अट मान्य नाही. रविवारी येते. उजाडताच सौंसरहून सायकलनं निघेन आणि मंडीसमोरूनच येईन, मागच्या गल्लीनं नाही. साडेनऊला पाण्यात उतरेन. तुम्ही सांगाल तसं दर दहा हातांनी मान काढेन आणि दुपट्ट्याकडे सरळ येईन, त्यात एक शब्द उलट बोलणार नाही.

पण दुपट्टा घेऊन पाळीवर जाताना माझी सायकलही सोबत न्यायची. मी पाण्यातून वर आले की ती तुम्ही स्वतः माझ्या हातात द्यायची आणि वाटेतून बाजूला व्हायचं.

आशीर्वाद त्यातच मिळाला असं धरीन.
आपली,
दामिनी