तूफान टोलीवरून

नागपूर,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रजत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. जय भीम, वि. वि.

कमरेची गादी सरकल्यापासून मी पलंगावर पडून आहे. पायऱ्या चढायच्या नाहीत, गाडीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुरुंगात तुझ्या मुलाखतीला भाऊजी येतात, पण काचेपलीकडून वकिलाचं सांगून झालं की त्यांचं बोलणं संपतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्याशीही ते एवढंच बोलतात. म्हणून हे पत्र. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच असेल, तरी उत्तर लिही. मी लावून घेईन.

खरं सांगू? बर्डीच्या हॉलात तुमच्या तूफान टोलीचा मेळावा होता, तिथं रजतनं अंकुशला जिन्यावरून ढकललं, असं यांनी सांगितलं तेव्हा मी आधी हसले. तिशी ओलांडलेले दोन बाप्ये खेळण्यांवरून भांडतात, हे मला नेहमीच हसण्यासारखं वाटायचं. मग यांचा चेहरा पाहिला.

अंकुश अजून शुद्धीवर नाही. डोक्याचं ऑपरेशन झालं. अंजनाकाकू लेकासाठी कन्हानहून येऊन दवाखान्यातच बसल्या आहेत. दोघं एका क्वार्टराच्या ओळीत वाढलात, एका ताटात जेवलात. असं काय होतं रे त्या बाहुल्यांत? मला समजेल असं लिही. रागावून नाही विचारत, समजून घ्यायचंय.

खायला नीट मिळतं का? मायेनं वाट पाहणारी,
तुझी ताई, भूमिका

●

मध्यवर्ती कारागृह, नागपूर
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्र पोचलं. इथं पत्र आधी साहेब वाचतात, मग आपल्याला मिळतं. कोंबडीच्या पायाचं वाचून ते हसले. खायला बरं मिळतं. बराकीत गर्दी आहे, पण कोणी त्रास देत नाही. खेळण्यावरून आत आला म्हणून माझी गंमत करतात. मी करू देतो.

आधी एक. त्यांना बाहुल्या म्हणू नकोस. अंकुशच्या कानावर गेलं तर बेशुद्धीतून उठून बसेल. आम्ही त्यांना वीर म्हणतो.

आपण खाणीच्या क्वार्टरात होतो तेव्हा पप्पांनी मला कामठीच्या बाजारातून तूफान टोलीतला सरदार अंगार आणला होता, आठवतं? अंकुशकडे भूचाल होता. वीतभर उंचीचे, टणक प्लास्टिकचे. पाठीवरची कळ फिरवली की तलवारीचा हात खाडकन खाली यायचा. पुठ्ठ्याच्या मागे चार ओळींची गोष्ट छापलेली होती. अंगार आणि भूचाल सख्खे भाऊ, एक किल्ल्याच्या आत, दुसरा बाहेर. खेळायला आम्ही दोघंच होतो, म्हणून ती गोष्ट आम्हाला आमचीच वाटायची. पुढं कंपनी बुडाली. आम्ही सावनेरपासून इतवारीपर्यंत जुनी दुकानं पालथी घालून उरलेले वीर गोळा केले. आमच्यासारखे आणखी भेटत गेले आणि त्यातल्या विक्कीनं मोबाईलवर ग्रुप काढला.

मागच्या दिवाळीत एका नव्या कंपनीनं टोली परत आणली. मी पहिल्या दिवशी रांगेत होतो. डबा रस्त्यावरच उघडला, ताई. कळ गेली होती, डोळ्यांत लाल दिवे आले होते. गोष्ट ऐकायची तर मोबाईलवर ॲप घ्या. किंमत अशी की क्वार्टरातल्या पोराचा बाप दुकानाच्या दारातूनच परत फिरेल. आणि भाऊ आता भाऊ राहिले नाहीत. एक या ग्रहावरचा, दुसरा त्या. कोणी कोणाचं लागत नाही.

अंकुशचं म्हणणं उलट. म्हणे, जुन्या अंगारला गुडघाच नव्हता, नव्याला निदान खाली बसवता येतं. म्हणे, नव्या टोलीत बिजली नावाची पोरगी आली आणि त्याची भाची उन्नती पहिल्यांदा त्याच्या वीरांच्या कपाटापाशी येऊन उभी राहिली. म्हणे, आपलं वय झालं, हे आता आपल्यासाठी नाहीच, एवढं तुले काहून समजत नाही. हे तो सगळ्यांसमोर माईकवर बोलला. लोक हसले. मला वाटलं माझ्यावरच हसले.

तो शुद्धीवर आला की सांग, गुडघ्याचं मी मान्य करतो, भावांचं नाही करत. म्हणजे चिडेल आणि बोलायला लागेल.

कमरेला जप. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा, रजत

●

नागपूर,
१२ मार्च २०२५

चि. रजत यास,
आशीर्वाद. जय भीम, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. यांना बाजारात पाठवून तो नवा अंगार आणवला. अर्ध्या किमतीत ढीग लावून विकून राहिले आहेत. टेबलावर बसवून पाहिला. मला तुमच्यातलं काही समजत नाही, पण दिसायला वाईट नाही रे. दिवे मात्र उगाच लावलेत, रात्री यांनी दचकून उशी फेकून मारली.

ऊन वाढलं. कुलरची खस बदलून घेतली. कमरेला थोडा आराम आहे.

अंकुशचं विचारतोस. त्याला आता त्रास नाही, असं डॉक्टर म्हणाले. तू त्याची काळजी करू नकोस. स्वतःला सांभाळ, पाणी भरपूर पी. वकील ओमप्रकाशजी भेटतील, ते सांगतील तसं कर.

निरोपाचं लक्षात आहे. अशीच आठवण ठेव.
ताई

●

मध्यवर्ती कारागृह, नागपूर
२६ मार्च २०२५

ताईस,
जय भीम.

परवा व्हिडिओवर कोर्टासमोर उभं केलं. सरकारी वकिलानं कलम बदलल्याचं वाचून दाखवलं. मला वाटलं चुकून दुसऱ्याच कोणाचा कागद वाचत आहेत. शेजारच्या शिपायाला विचारलं, तो म्हणाला की तुझा माणूस मेला ना. मार्चच्या पहिल्या दिवशीच.

बराकीत येऊन तुझं पत्र परत काढलं. त्याला आता त्रास नाही. हे लिहिताना तुझा हात कसा चालला, ताई? तो जळून गेला होता आणि मी इथं बसून त्याच्यासाठी गुडघ्याचे मुद्दे जमवत होतो. रोज एखादा नवा सुचायचा. शेजारचा कैदी विचारायचा की हसून काहून राहिला, तर मी सांगायचो की याचं उत्तर माझ्या दोस्ताला देता येणार नाही.

भाऊजी दोन वेळा समोर येऊन बसले आणि बोलले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, ते कधीच बोलत नाहीत. तू बोलतेस.

घाटावर कोण कोण होतं? काकूंजवळ कोण आहे? एवढं लिही. खोटं असेल तर लिहू नकोस.

रजत

●

नागपूर,
९ एप्रिल २०२५

चि. रजत यास,
आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणशील ते मला लागू आहे. तू आत काही करून घेशील या भीतीनं लिहिलं नाही. आता सगळं लिहिते.

घाटावर हे गेले होते. लांब उभे राहिले. काकूंनी पाहिलं, पण हाकललं नाही. उन्नती आणि तिची आई आता काकूंजवळच राहतात.

तुमच्या ग्रुपवरचं यांच्या मोबाईलवर वाचलं. वाचायला नको होतं. विक्कीनं अंकुशचा फोटो काळ्या चौकटीत लावला आणि वर जुन्या टोलीचं चिन्ह टाकलं. त्यावर नव्याच्या बाजूची पोरं उठली, की अंकुश आमचा होता, त्याला जुन्यांनी मारलं. तीन दिवस भांडण चाललं. मग कंपनीनं माल खपत नाही म्हणून टोली बंद केल्याचं जाहीर केलं, तर जुन्याच्या बाजूचे म्हणतात हा आपला विजय. एकानं लिहिलं आहे की रजतदादानं टोलीची इज्जत राखली. त्याखाली शेकडो अंगठे आहेत रे. मी मोबाईल यांच्या हातात परत दिला.

आता कामाचं. हे पत्र ओमप्रकाशजींच्या हातून देते, म्हणजे तिथले साहेब वाचणार नाहीत. जिन्याचा व्हिडिओ कोर्टात आहे. वरून कोणीतरी काढलेला. हॉलातल्या गाण्यांनी आवाज ऐकू येत नाही. अंकुश तुझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणतो आणि तू ढकलतोस, एवढं दिसतं. ओमप्रकाशजी म्हणतात, त्यानं आपल्या गेलेल्या आईवरून शिवी दिली, म्हणून तुझा तोल गेला, असं जामिनाच्या अर्जात लिहू. विक्की ऐकल्याची साक्ष द्यायला तयार आहे. तू फक्त गप्प राहायचं.

तो काय म्हणाला ते मी तुला विचारत नाही. मला विचारायचंही नाही. मला तू बाहेर पाहिजे. आई-पप्पा नाहीत, आपण दोघंच उरलो. अंकुशला आता कशानं काही होणार नाही, तुला होईल.

ताईचं एवढं ऐक.
भूमिका

●

कन्हान
२० मे २०२५

रजत,

आशीर्वाद लिहाले हात होत नाही म्हून लिहिला नाही. मी चौथी शिकली, अक्षर समजून घेजो.

काल जामिनाची तारीख होती. मी गेली होती. तुह्या वकिलानं भर कोर्टात सांगतलं का माह्या पोरानं तुह्या मायले शिवी देल्ली. जज साहेबानं लिहून घेतलं. पुढची तारीख देल्ली.

तुही माय रात्रपाळीची नर्सबाई होती तवा तू माह्या घरी झोपे. माही दिवसपाळी राहे तवा अंकुश तिच्याजवळ राहे. तिनं त्याले पाटी शिकवली. ती गेली तवा त्यानं डोक्याचे केस काढले, तुह्या आधी काढले. तो तिले शिवी देईन?

देल्ली असन तं तसं सांग. माणूस रागात काही बी बोलते. मी आयकून घेईन. पण तो व्हिडिओ मी लय खेपा पाह्यला. उन्नती लावून देते. त्यात त्याचं तोंड हालते, बोट खाली करते, अन् मंग तो तिथं राहत नाही. मले आवाज येत नाही. आता रातदिवस तेच दिसून राहिलं. शेवटी काय बोलला माहा पोरगा, हे जगात तुले एकट्याले मालूम आहे.

ते खेळण्याचं मले काही लिहू नको. कोणतं चांगलं, कोणतं वाईट, ते मले आयकाचं नाही. ते कपाट मी उन्नतीले बी उघडू देत नाही.

एवढंच सांगजो.

अंजनाबाई

●

मध्यवर्ती कारागृह, नागपूर
२ जून २०२५

अंजनाकाकूंस,
जय भीम.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून लिहून राहिलो आणि फाडून राहिलो. हे शेवटचं, पाठवतोच.

आधी हे सांगतो. त्यानं शिवी दिली नाही. आईवरून नाही, कोणावरूनच नाही. अर्जात ते लिहिलं तेव्हा मी नको म्हटलं नाही, गप्प राहिलो. मागच्या आठवड्यात भाऊजींना मुलाखतीत सांगितलं की ते वाक्य काढून टाकायला लावा. वकील साहेबांनी उलटा निरोप दिला की मग जामीन विसरा आणि दुसरा वकील पाहा. परवा मी पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा भाऊजींनी काचेवर हात ठेवला आणि पहिल्यांदा आपणहून काही बोलले, की तुझी ताई दोन दिवस जेवली नाही, पण मी तुझं म्हणणं कळवतो. हे पत्र इथले साहेब वाचतील. कोर्टाला पाहिजे असेल तर द्या. मी नाही म्हणणार नाही.

आता तुम्ही विचारलं ते.

हॉलात आमचा वाद झाला. तो कशाचा, हे तुम्ही नको म्हटलं, म्हणून लिहीत नाही. तो बरोबर असेल, मी बरोबर असेन. त्याची किंमत मला आता कळत नाही. लोक हसले आणि मी उठून बाहेर निघालो. तो मागून आला. जिन्याच्या वरच्या पायरीशी त्यानं मला गाठलं आणि पुढं येऊन, माझ्याहून एक पायरी खाली, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी जाऊ नये म्हणून असं उभं राहायची त्याची लहानपणची सवय होती. आधी म्हणाला की रागावू नको, माईकवर जरा जास्तच बोललो. मी म्हटलं की बाजूला हो. तो झाला नाही.

माझं डोकं तापलेलं होतं. त्यानं बोट केलं. मला वाटलं, पुन्हा काहीतरी शिकवून राहिला, पुन्हा माझं काहीतरी काढून राहिला. तो काय बोलला ते कानावर पडलं, पण आत गेलं नाही. मी दोन्ही हातांनी ढकललं. तो पाठीमागे गेला. ओरडला नाही. काकू, तुम्हाला भीती वाटत असेल म्हणून सांगतो, तो ओरडला नाही. त्याला वेळच मिळाला नाही.

गाणी चालूच होती. मी वर उभा होतो आणि तेव्हा ते वाक्य मला ऐकू आलं. त्यानं माझ्या पायाकडे बोट केलं होतं. म्हणाला होता की राजा, तुही लेस सुटली, जिन्यावरून पडशील.

मी खाली पाहिलं. सुटलेली होती.

तुमच्याजवळ मागावं असं माझ्याकडे काही नाही. तब्येत सांभाळा.

रजत