अविला मतं कुणी दिली

४ मार्च २०२२, शुक्र.
अवि इथल्या, आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय. माझा अवि! भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही मला पुढे करणारा. मंडळात दोन गट. आधी प्रत्येक गट मत घेऊन आपलं एक नाव ठरवतो, मग मुख्य निवडणूक. आमच्या गटात अवि विरुद्ध शिरीष. यंदा वर्ल्डकप इथेच, शिरीषला अध्यक्ष म्हणून मिरवायचंय. अविचा हट्ट एकच : बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या एकट्या कामगारांनाही गणपतीला हॉलमध्ये घ्यायचं. आजवर फक्त फॅमिलीवाले.

८ मार्च, मंगळ.
शिरीषच्या लोकांनी ग्रुपवर टाकलं, "एकटे पुरुष हॉलमध्ये आले तर आपल्या मुलींचं काय?" अवि फोन बाजूला ठेवून मला म्हणाला, "दत्ता रोज मला साइटवर पोचवतो. त्याला आरतीला पार्किंगमध्ये उभा करू?" दत्ता बीडचा, कंपनीचा ड्रायव्हर, इथे एकटा. त्याची मुलगी आमच्या तन्वीएवढी.

११ मार्च, शुक्र.
अवि जिंकला!! बिन महमूद भागातल्या मंडळाच्या त्या एवढ्याशा ऑफिसात ही गर्दी! शिरीषचं तोंड बघण्यासारखं. तन्वी "बाबा, यू डिड इट!" करत गळ्यात पडली. हा लाजून लाल. श्रीखंड केलं. इतका खूश मी त्याला तन्वी झाली तेव्हाच पाहिलं होतं.

१३ मार्च, रवि.
वैशाली डबा परत द्यायला आली. शेजारीण, जिवाभावाची, पण दुसऱ्या गटातली. हसत म्हणाली, "आम्ही बरेच जण आलो होतो गं तुमच्या गटात मत द्यायला. सगळ्यांनी अविलाच दिलं. शिरीष आम्हाला पुढे जड गेला असता." मंडळाच्या कार्डावर गट लिहिलेला नसतो, कुणीही कुठेही मत देतं. म्हणजे हा हरवायला सोपा, म्हणून जिंकला. राग गिळून तिला चहा दिला. आत ह्याची भाषणाची प्रॅक्टिस चालली होती. कसं सांगू...

१६ मार्च, बुध.
सांगितलं. राहवेना. जेवता जेवता थांबला. मग म्हणाला, "आमटी छान झालीय." मला रडूच आलं.
गटातल्यांचे फोन. परवा त्यांची निवड. आपणही जाऊ, त्यांच्यातल्या सगळ्यात ढिल्या माणसाला मतं देऊ, यल्ला, चला! अवि फक्त "येतो" म्हणाला. मला ते आवडलं नाही.

१८ मार्च, शुक्र.
गेला. मी घरीच, धुसफुसत. आल्यावर विचारलं, कुणाला दिलंस?
"मंजिरीताईंना."
"अरे, त्या तर त्यांच्यातल्या सगळ्यात भारी!"
"हो ना. म्हणूनच दिलं." आणि शूज काढत बसला.
मंजिरीताई थोडक्यात निवडून आल्या. ह्या माणसाचं काय करावं!

२४ मार्च, गुरु.
उद्या मुख्य मतदान. आज दोघांची भाषणं झाली. हा तीनदा अडखळला, पाणी प्यायला, शेवट विसरला. मंजिरीताईही कामगारांना हॉलमध्ये घेण्याबद्दल बोलल्या, ह्याच्यापेक्षा किती नीट. हॉल, परवानगी, बस, सगळं ठरवून आलेल्या. त्यांना सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या अविने.
त्या चांगल्या अध्यक्ष होतील. मला दिसतंय. आणि हा मला इतका कधीच आवडला नव्हता.
ह्याच्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. तू कुणाला देणार, असं अजून त्याने विचारलेलं नाही. विचारू नकोस रे.